दातांमागची तार

साठीत दात सरळ करायला निघालेल्या सासूबाईंची एकच अट होती: दवाखान्यात बाहेर कवळीसाठी बसलेल्या धाकट्या जाऊबाईंना तारेचा सुगावा लागता कामा नये. म्हणून डॉक्टर सुनेनं तार दातांच्या मागच्या बाजूनं घ्यायची ठरवली. तार अडकवायच्या बारीक कड्या, म्हणजे ट्रेमधले सगळे ब्रॅकेट, एका दमात चिकटायचे, तर दात खडखडीत कोरडे हवेत. आणि सासूबाईंची जीभ तर जन्मल्यापासून स्वस्थ बसलेली नव्हती.

"आई, आता एक शब्द बोललात तर सगळं निसटेल हं!"

चिकटवण घट्ट करणारा निळा दिवा दातांवरून फिरला. सासूबाई अशा गप्प बसल्या, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दचकून थांबलं म्हणे. चिकटलं एकदाचं, तारही ओवून झाली! आरशात हसून पाहतात, तर काही म्हणजे काही दिसेना. सासूबाई खुर्चीतून उडी मारून थेट बाहेर धावल्या.

"धाकटे, बघ गं, दिसतेय का कुठे माझी तार?"

आणि जाऊबाईंपुढे त्यांनी भलामोठा आ केला.