काचेआडचं ऊन

दूरच्या नोकरीला जाताना मुलाने इग्वाना या पाळीव सरड्याचं पिल्लू आईच्या गळ्यात मारलं. दुखऱ्या गुडघ्यांनी ती रोज त्याला कोवळा पाला चिरून घालायची. "खा बाबा, नाहीतर तुझा मालक मला खाईल," म्हणत बंद खिडकीशी उन्हात बसवायची. तरी पिल्लाचे पाय थरथरू लागले.

"आजी, काचेतून आलेलं ऊन नुसतं दिसतं, हाडांना लागत नाही," जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, यंदाही यायला जमत नाही गं. पण रोज दिसतो ना मी तुला?"

 

"दिसतोस रे," ती थकल्या आवाजात म्हणाली, "पिल्लालाही ऊन रोज दिसत होतं."