बाहेरचे चार कॅटलॉग

"बाहेरचे कॅटलॉग कुणी उघडले?"

अनुराधानं हेल्मेट टेबलावर ठेवायच्या आधीच विचारलं. सर्व्हर रूममध्ये तिचा मदतनीस विक्रम एकटाच होता. सकाळचे सात वाजून गेले होते आणि एवढ्या एसीतही त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"जीएम सायबांनी सांगितलं, आक्का. काल तू साखरपुड्याला निपाणीला गेलतीस. आज बेंगळुरूचे पाहुणे येणार, मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख दिसाय पायजेत म्हणाले."

"मग मला फोन करायचास."

"करू दिला न्हाय."

चिकोडी रस्त्यावरच्या त्या दूध संघाचं सगळं काम अकरा सर्व्हरांच्या एका क्लस्टरवर चालायचं. ब्याऐंशी गावांतल्या केंद्रांवर दूध मोजलं, फॅट लागली, की पावती निघायची ती याच क्लस्टरमधून. त्याला नवी जोडणी, म्हणजे जादा कामाचं सॉफ्टवेअर, बसवायची तर ती कॅटलॉगातून घ्यावी लागते. बाहेरच्या लोकांनी चालवलेले चार कॅटलॉग मुळातच चालू येतात. त्यांत शेकडो जोडण्या, आणि त्यांतली कुठली कधी बदलेल ते आपल्या हातात नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या अनुराधानं ते चारही दोन वर्षांपूर्वी बंद केले होते आणि संघाचा स्वतःचा एकच ठेवला होता. त्यात एकोणीस जोडण्या, प्रत्येक तिनं आठ-आठ दिवस चाचणीच्या मशीनवर चालवून बघितलेली. जीएम मारुतीरावांना हे कधी पटलं नाही. "एवढं सोवळं कशाला?" असं ते दर मीटिंगला म्हणायचे आणि बाकीचे हसायचे.

काल विक्रमनं चारही उघडले आणि आलेखाची जोडणी घेतली. ती एकटी आली नाही. येताना स्वतःला लागणाऱ्या आणखी दोन घेऊन आली, आणि त्यांतल्या एकीनं डेटाबेस सांभाळणाऱ्या जुन्या जोडणीला उठवून तिची जागा घेतली. सहाला केंद्रं उघडली तेव्हा एकाही गावात पावती निघाली नाही. पावती नाही म्हणून केंद्रांनी दूध घेतलं नाही.

अनुराधा खुर्चीवर बसली. आधी चारही कॅटलॉग बंद केले, मग आगंतुक जोडण्या काढल्या, जुनी परत बसवली, शनिवारच्या बॅकअपवरून डेटाबेस उभा केला. विक्रमवर ओरडून उपयोग नव्हता. साडेनवाला पहिली पावती निघाली. तोवर सकाळचं संकलन संपलं होतं.

दहाच्या सुमाराला मारुतीराव आत आले. नवा कोट, हातात एक कागद.

"शाब्बास. एवढ्यावर सही करा मॅडम. अध्यक्षांना खुलासा द्यायचाय."

तिनं वाचलं. 'यंत्रणा वेळोवेळी अद्ययावत न ठेवल्याने तांत्रिक बिघाड.' परत वाचलं. खाली तिचं नाव आधीच टाईप केलेलं होतं.

"सर, हे बंद होतं म्हणून मोडलं न्हाय. उघडलं म्हणून मोडलं."

"तुम्ही बंद करून ठेवलं म्हणून तर चोरवाटेनं उघडायची पाळी आली. वाद नको आता. पाहुणे अकराला येतील."

"किती दूध परत गेलं, विचारलंत?"

मारुतीरावांनी घड्याळ बघितलं.

तिनं कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि विक्रमकडं वळली. "क्लस्टरच्या नोंदीत सगळं हाय. कधी उघडलं, कुणी उघडलं. ते छापून काढ."

"नाव माझंच हाय त्यात, आक्का."

"असू दे. कुणी उघडाय लावलं, तेबी खाली लिही. तुझ्या हातानं."

विक्रमनं मारुतीरावांकडं बघितलं नाही. त्यानं प्रिंटर चालू केला.

तेवढ्यात खालून गलका आला. फाटकात दोन टेम्पो उभे होते आणि त्यांतून बायका केंद्रांनी न घेतलेल्या दुधाचे कॅन उतरवत होत्या. काही कन्नडमध्ये ओरडत होत्या, काही मराठीत.

"तुम्ही जा खाली," मारुतीराव म्हणाले. "मशीन बिघडलं म्हणा. बाई माणूस समोर गेलं की गप होतील."

अनुराधा जिना उतरली. फाटकात सगळ्यांच्या पुढं साठीची एक बाई उभी होती. मागून कुणी तिला मालुबाई म्हणून हाक मारली.

"वॉचमन म्हणतोय मशीन बिघडलं. व्हय?"

"न्हाय," अनुराधा म्हणाली. "मशीन चांगलं चाललंतं. पाव्हण्यांना चित्रं दाखवायची म्हणून काल त्यात नवं सामान घातलं, न तपासता. त्यानं पावती बंद पाडली."

"कुणी घातलं?"

"जीएम सायबांनी घालाय लावलं."

मालुबाईनं तिच्याकडं नीट निरखून बघितलं.

"मग तुला कशाला धाडलं खाली?"

अनुराधानं मागं जिन्याकडं बघितलं. मालुबाईनं मान हलवली.

"तुझ्याशी भांडाय आलो न्हाय आम्ही. सर बाजूला."

मालुबाईनं आपला कॅन फाटकाच्या मधोमध ठेवला आणि पदर खोचून त्याच्याशेजारी बसली. दुसरीनं तिच्या कॅनला लावून आपला ठेवला. मग तिसरीनं. या खांबापासून त्या खांबापर्यंत कॅनांची रांग झाली.

रस्त्यावरून पाहुण्यांची पांढरी गाडी फाटकाकडं वळली आणि कॅनांपुढं थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मागची काच खाली आली.

"येऊ दे, ह्यांनाबी वास घेऊ दे," मालुबाई म्हणाली, आणि तिनं नासलेल्या दुधाच्या कॅनचं झाकण काढलं.