लीव्ह की रिलीव्ह

"बाळंतपणाच्या रजेचा अर्ज आहे, सही करा," औषध कंपनीतले क्लार्क बर्वे म्हणाले. तेजल राऊळला आठवा महिना लागला होता. डब्यांवरची इंग्रजी नावं तपासणं हे तिचं कामच. एक अक्षर चुकलेलं तिच्या नजरेतून सुटत नसे.

"साहेब, इथे लीव्ह नाही, रिलीव्ह लिहिलंय."

"एकच हो ते!"

"एकच कसं? लीव्ह म्हणजे मी परत येणार. रिलीव्ह म्हणजे तुम्ही मला कायमचं मोकळं केलंत."

बर्व्यांनी नजर चुकवली. "वरून आलाय कागद. सगळ्या बायका करतात सह्या."

"त्यांनी वाचला नसेल."

तेजलने कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्याच मराठीत लिहिलं: सहा महिन्यांची रजा हवी, नंतर कामावर हजर होईन. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

रजा संपली त्या दिवशी लेकीला सासूकडे ठेवून ती कामावर आली. जेवणाच्या सुट्टीत पोट पुढे आलेली एक नवी मुलगी कागद घेऊन तिच्याजवळ बसली. "ताई, सही करायच्या आधी एवढं वाचून बघता?"