फक्त चोरांसाठी

"डिस्क सापडली का?" लिंडसे क्रॉफ्टने दारातूनच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकोणऐंशी वर्षांचा माणूस टास्मानियाहून बोटीने समुद्र ओलांडून सकाळी जिलाँगला उतरला आणि थेट झोरानच्या दारात येऊन उभा राहिला.

"आधी आत तर या, मिस्टर क्रॉफ्ट," झोरान म्हणाला. "अडतीस वर्षं शिव्या दिल्यात मला. आणखी पाच मिनिटं दम धरा."

खोटं नव्हतं ते. सत्त्याऐंशी साली लिंडसे आणि त्याची बायको नोरीन यांनी जेवणाच्या टेबलावर बसून 'लाइटहाऊस' नावाचा कॉम्प्युटर गेम बनवला होता. त्याला लिंडसेने असं काही कुलूप घातलं की कॉपी केलेली डिस्क चालूच नये. ते कुलूप जिलाँगच्या एका सतरा वर्षांच्या कार्ट्याने फोडलं, पहिल्याच पडद्यावर 'मॅगपाय' असं स्वतःचं टोपणनाव ठोकलं, आणि गेम फुकटात जगभर फिरला. तो कार्टा म्हणजे हा झोरान. आता पंचावन्नचा, टक्कल पडलेला, लोकांचे फ्रिज दुरुस्त करणारा. त्याला शोधून काढायला लिंडसेला चार महिने लागले.

गॅरेजमध्ये झोरानने जुना कॉम्प्युटर मांडून ठेवला होता. शेजारी बिस्किटांच्या डब्यात डिस्का.

"इंटरनेटवर गेम सहज मिळतो की," झोरान म्हणाला. "तो का नको?"

"त्या सगळ्या तू फोडलेल्या कॉप्या. मला न फोडलेली पाहिजे. कुलूप जागच्या जागी असलेली."

"पण ती चालत नाही."

"माहितीये मला! मीच बनवलंय ना ते!" लिंडसे खेकसला. मग त्याचा आवाज उतरला. "समोरची डिस्क कॉपी आहे असं कळलं की गेम बंद पडतो आणि एक बाई बोलते. ती नोरीन. फेब्रुवारीत गेली."

झोरानने डब्यातला हात काढून घेतला.

"तिचा आवाज दुसरा कुठेच नाही," लिंडसे म्हणाला. "फोटोला उभी राहायची नाही, टेपरेकॉर्डरचं तर नावच काढायचं नाही. हे एवढं एक वाक्य, तेही मी हातापाया पडलो म्हणून. माझ्या मूळ डिस्का बुरशीने खाल्ल्या. आणि कॉपी? कॉपी कुणालाही करता येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. तत्त्व म्हणून मी स्वतःलाही एक काढून ठेवली नाही. एवढा शहाणा मी."

"आणि मी तो आवाज उडवला. डिस्कवर माझं नाव मावावं म्हणून."

"हो. तू."

झोरानने डब्यातली सर्वांत जुनी डिस्क काढली. गेम मित्राकडून आणला त्या दिवशी केलेली पहिली कॉपी, कुलूप फोडायच्या आधीची. त्याने ती आत सरकवली. आतून घरघर आली, मग खरखर, मग पडद्यावर लाल अक्षरं. डिस्क वाचता येत नाही. त्याने कापसाच्या बोळ्याने यंत्र पुसलं, पुन्हा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाहेर काढली तेव्हा चकतीवरचा तपकिरी थर गोल खरवडून निघाला होता आणि पलीकडचं दिसत होतं.

"गेली, मिस्टर क्रॉफ्ट," तो म्हणाला. "माफ करा."

लिंडसेने खुर्चीवरची टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही. "'चोरी केलीस, लाज वाटू दे.' एवढंच तर होतं. शब्द पाठ आहेत मला, शब्दांचं काय घेऊन बसलास. आवाज आठवत नाही रे."

"असं नव्हतं ते वाक्य."

"मला शिकवतोस? मी लिहिलंय ते."

"लिहिलं असेल. ऐकलंत किती वेळा?"

लिंडसेने मनात मोजलं. एकदा रेकॉर्ड करताना, एकदा तपासताना. त्याच्या घरातल्या सगळ्या डिस्का अस्सल. त्या बोलणार कशाला?

"मी पाचशे वेळा तरी ऐकलं असेल," झोरान म्हणाला. "ते कुलूप तीन दिवसांत फुटलं असतं, राग मानू नका. मी तीन महिने लावले. आई लोकरीच्या गिरणीत दुसऱ्या पाळीला. शाळेतून आलो की घरात चिटपाखरू नाही. मी मुद्दाम डिस्क घालायचो."

"काय म्हणायची?"

"'चोरी केलीस ना रे? थोडी तरी लाज वाटते का?' मग जरा थांबायच्या. मागून कुणीतरी म्हणायचं, 'झालं, बंद करतोय.' आणि तेवढ्यात त्या घाईघाईने म्हणायच्या, 'बरं, जेवलास का?' तिथे तुटायचं."

"ते कुणीतरी मीच," लिंडसे म्हणाला. त्याला ते शेवटचं अजिबात आठवत नव्हतं. कापायचं राहून गेलं असावं. तो टोपी हातात घेऊन खाली बसला.

"पुन्हा म्हण," लिंडसे म्हणाला. "नक्कल नको करूस तिची. साधं म्हण."

झोरानने पडद्याकडे बघत म्हटलं. थांबायचं तिथे थांबला. मग शेवटचं म्हणाला, घाईघाईने.

"नाही गं," लिंडसे म्हणाला. "सकाळपासून काहीच नाही."