वरचा आकडा

"तू आत येऊ नकोस हं. तुला बघितलं की त्यांचं बीपी चढतं." नंदाताईंनी खोलीच्या दारातच हात आडवा धरला. समोर परकं कुणी नव्हतं, पोटची पोर होती.

आम्रपाली हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. आत पलंगावर तिचे वडील रतनराव होते. सहा वर्षांपूर्वी तिनं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडला आणि रोहनशी रजिस्टर लग्न केलं. रतनरावांनी तर अख्ख्या मांजरी गावात सांगून ठेवलं होतं, "माझी पोरगी कलेक्टर होणार." लग्नाचं कळलं त्याच संध्याकाळी ते चक्कर येऊन पडले. वरचा आकडा दोनशे वीस. झालं! पोरीनंच बापाचं बीपी वाढवलं, हे घरच्या घरी ठरून गेलं. त्याला डॉक्टर कशाला लागतो?

तिनं फोन केला की दुसऱ्या दिवशी आई ऐकवायची, "बघ, आज पुन्हा दोनशे." बुद्धपौर्णिमेची खीरसुद्धा तिला सोसायटीच्या गेटवर मिळायची. आपण बापाला थोडं थोडं मारतोय, असं वाटून ती गेटवरच रडायची आणि डबा घेऊन हडपसरला परत जायची.

चार-चार गोळ्या घेऊनही बीपी उतरेना. शेवटी आम्रपालीच सगळे रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेली. तपासण्या झाल्या. किडनीला रक्त नेणारी धमनी अरुंद झाली होती. रक्त पुरेना, म्हणून किडनीच बीपी वाढवत होती. परवा तिथे स्टेंट बसवला.

तेवढ्यात त्याच डॉक्टरीणबाई राऊंडला आल्या. "आता बरे आहेत. पण हे दुखणं जुनं होतं बरं का, कितीतरी वर्षांचं."

"म्हणजे... हिच्यामुळे नव्हतं?" नंदाताईंनी बाकाकडे बोट दाखवलं.

"हिच्यामुळे होय? हिच्यामुळे तर सापडलं!" त्या म्हणाल्या आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.

नंदाताईंना रडू फुटलं. "चल गं बाई, चल आत." त्यांनी लेकीचा हात धरून ओढलाच. आम्रपालीला इतका आनंद झाला, की चप्पल बाकाखालीच राहिली.

"पप्पा."

रतनरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दंडावरचा पट्टा आपोआप फुगला, सैल झाला. तिघांचेही डोळे मशीनवर गेले. एकशे चोवीस.

"अहो, बघा! हिला बघूनसुद्धा चढलं नाही!" नंदाताई रडता रडता हसल्या.

रतनराव बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नंदा, तिला बाहेर जायला सांग."

आम्रपालीनं सवयीनं मशीनकडे पाहिलं. एकशे चोवीसच होतं.