आर्विडची दुर्बीण

"तूच बघ बाबा. माझे डोळे गेले कामातून," असं म्हणत आर्विडनं रायफलीवर बसवायची दुर्बीण वायनोच्या हातात कोंबली.

हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. दुकानदारीण मार्लीननं काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या होत्या आणि दोघा म्हाताऱ्यांचं एकमत व्हायची वाट बघत ती उभी होती.

दोघे एकाच दिवशी लोखंडाच्या खाणीत लागले होते. पहिल्या हिवाळ्याच्या पगारातून दोघांनी एकसारख्या रायफली घेतल्या, आणि जन्मभर नळीच्या टोकावरच्या माशीनंच, त्या लोखंडी खुणेनंच, नेम धरला. दुर्बीणवाल्यांची त्यांनी यथेच्छ टिंगल केली होती.

"म्हातारपणी बंदुकीला चष्मा लावतोस होय रे?" वायनोनं टोमणा मारला.

"हस लेका. तुझी नजर पडली घारीची. सगळ्यांना कुठली तशी?"

वायनो हसला खरा, पण ती घारीची नजर कधीच गेली होती. दोन वर्षं झाली, ती माशी त्याला काजळाच्या डागासारखी दिसत होती आणि पलीकडचं हरीण झुडपात मिसळून जात होतं. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेल्या साली समोर उभा असलेला नर त्यानं चुकवला आणि खापर एका फांदीवर फोडलं. त्यांच्या शिकारीच्या तळावर नेम चुकवणाऱ्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून भिंतीला ठोकायची रीत होती. लागोपाठ दोन वर्षं जो चुकेल त्यानं बंदूक खुंटीला टांगायची, स्वयंपाक्याचा ॲप्रन बांधायचा आणि सगळ्यांना रांधून घालायचं. हा नियम त्यांच्या बापांनी केला होता आणि पाळलाही होता. यंदा पुन्हा चुकलं की दुसऱ्यांचे बार ऐकत बटाटे सोलायचे, या कल्पनेनंच वायनोचा जीव अर्धा व्हायचा.

"ही न्या, तीनपट ते नऊपट," मार्लीन म्हणाली. "पैसे तेवढेच आणि दिसतं मोठ्ठं."

"मोठं घेऊन काय करायचंय?" वायनो म्हणाला. "आमच्या दलदलीत सीडरची झाडं इतकी दाट, की पन्नास पावलांपलीकडे काही दिसत नाही. नऊपटीतून नुसते केस दिसतील. डोकं की ढुंगण, कळायचं नाही."

"मग ही एकपट ते चौपट. किंवा तशीच ही दुसरी, काच भारी, पण भाव दुपटीच्या वर."

"पेन्शनीत बसेल ती बोला," आर्विड म्हणाला.

वायनोनं स्वस्तातली चौपट डोळ्याला लावली आणि खिडकीबाहेर धरली. मागचं कडं हळूहळू फिरवलं. धुरकट रस्ता निवळत गेला. समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं एकेक करून वर आली. कित्येक महिन्यांत त्यानं ती वाचली नव्हती. दुर्बीण खाली ठेववेना.

"डोकं चार बोटं मागे घेतलं तरी चित्र पुरं दिसतं," तो म्हणाला. "धक्क्यानं भुवई फुटायची नाही. हीच घे."

आर्विडनं ती क्षणभर डोळ्याला लावली. "झकास. आता त्या कड्याला कोणी हात लावू नका."

मोसमाच्या आदल्या दिवशी तळावर ओंडक्याला कागद लावून आर्विड बसला. पहिली गोळी बर्फात गेली, दुसरी देवाला माहीत.

"तू जरा नेम जुळवून दे रे," तो म्हणाला.

वायनोनं बार काढले, स्क्रू फिरवले, पुन्हा बार काढले. कागदाच्या मध्यावर भोकांना भोकं चिकटली. मग आर्विड बसला आणि अख्खा ओंडका चुकला. बाकीचे खो खो हसले. आर्विड उठून आत गेला. म्हातारा स्वयंपाकी हेमी वसंतात वारल्यापासून ॲप्रन खिळ्यावर तसाच लटकत होता. आर्विडनं तो काढला आणि स्वतःच कमरेला बांधला. मग मात्र कोणी हसलं नाही.

"एवढं वर्ष तरी थांब," वायनो म्हणाला.

"पुढच्या वर्षी काय नवे डोळे फुटणारेत मला? उद्या माझी बंदूक तू ने. पैसे घातलेत लेका, दुर्बीण फुकट जायला नको."

वायनोनं त्याची बंदूक घेतली. वाईट वाटलं, आणि आतून बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली.

सकाळी तो बापाच्या जुन्या जागेवर जाऊन बसला. पोरवयात तो आणि आर्विड इथेच एकमेकांना चिकटून बसायचे. आर्विडच्या आईनं भाजलेली मांसाचं सारण भरलेली गरम पेस्टी शर्टाच्या आत पोटाशी धरायची, आणि भूक की थंडी यात कोण आधी हरतं ते बघायचं. नेहमी आर्विडच आधी खायचा आणि मग वायनोच्या पेस्टीवर डोळा ठेवायचा. ते दिवस आठवून वायनोचे डोळे भरले. ते पुसून त्यानं वर पाहिलं, तर सीडरच्या आडून एक नर बाहेर येत होता. दुर्बिणीत त्याच्या नाकपुड्यांतली वाफसुद्धा दिसली. एकच बार पुरला.

हरीण घसरगाडीवर बांधून बर्फातून ओढताना त्यानं मनाशी ठरवलं. जाऊन सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. डोळे माझे गेलेत, ॲप्रन माझा आहे, आर्विडला बंदूक परत द्या. मित्राच्या आंधळेपणावर आपण मजा मारायची नाही.

तो गोठलेल्या कुरणाच्या कडेला बाहेर पडला. पलीकडे तळ म्हणजे नुसता काळा ठिपका आणि वर धूर. दाराशी कोणी उभं असलं, तरी त्याला दिसत नव्हतं.

"देखणा आहे रे वायनो," पलीकडून आर्विडची हाक आली. "पण डाव्या शिंगाचं टोक मोडलंय."

वायनो खाली वाकला आणि डाव्या शिंगावरून बोट फिरवलं. टोक मोडलेलं होतं, जेमतेम अर्ध्या बोटाएवढं.