रविवारचं पान

दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची वेबसाइट त्यांची लेक सांभाळायची. नवं पान ती बनवायची, पण बाबांनी फोनवर 'प्रकाशित करा' दाबल्याशिवाय ते कुणालाच दिसायचं नाही.

शनिवारी ती म्हणाली, "बाबा, उद्या माझी पोहण्याची शर्यत आहे. दोनदा चुकवलीस. या वेळी तरी येशील ना?"

"पेशंट आटोपले की आलोच," एका दाढेवरून नजर न काढता ते म्हणाले.

"बरं. एक नवं पान पाठवलंय. वाच आणि मग बटण दाब."

"तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार," असं म्हणत त्यांनी हातमोजा काढला आणि न वाचताच बटण दाबलं.

रविवारी सकाळी दवाखान्यातली बाकं रिकामीच राहिली. "मावशी, सगळ्यांचे दात एकदम बरे झाले की काय?" त्यांनी नावनोंदणीच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं.

"तुम्हीच तर पान टाकलंय. वाचा की," असं म्हणून मावशींनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"रविवार: आज दवाखाना बंद. डॉक्टर लेकीची शर्यत बघायला तरणतलावावर गेले आहेत. दाढ फारच ठणकत असेल तर तिथेच भेटा."

डॉक्टरांनी एप्रन खुंटीला अडकवला आणि गाडी काढली.



तरणतलावावर पहिल्याच बाकावर गाल धरून बसलेले चार जण थोडे सरकले आणि त्यातले एक आजोबा म्हणाले, "बसा डॉक्टर, तुमची जागा धरून ठेवलीय. दाढेचं नंतर बघू, आधी पोरगी जिंकू दे."